सतरा लायब्रऱ्या आणि परभणीचा फोन

करंजाड्याच्या त्या सोसायटीत कुमारचं नाव निघालं की लोक आधी हसतात, मग बोलतात. पन्नाशीला टेकलेला, तळोज्याच्या कारखान्यात यंत्रांचे काटे तपासणारा एकटा जीव. रविवारी घरातसुद्धा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून बसायचा. कशासाठी? तर परभणीहून फोन येईल म्हणून. फोनवर शर्ट दिसत नाही, हे त्याला सांगायचं कोणी?

नऊ वर्षांपूर्वी कुमारने एक प्रोग्राम लिहिला. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा. फुकट, सगळ्यांना खुला. पण तो कॉम्प्युटरवर चढवायचा म्हणजे लग्नघरच. आधी इतरांनी लिहिलेल्या सतरा लायब्रऱ्या, म्हणजे प्रोग्रामला लागणारे तयार तुकडे, एकेक करून आणायच्या, प्रत्येकीची ठरलेली आवृत्ती, ठरलेल्या क्रमाने. एकीचा मान चुकला की ती रुसणार, आणि तिच्यामागून बाकीच्याही मांडवाबाहेर.

परभणीत रुचिरा ह्याच प्रोग्रामवर टायपिंगचं दुकान चालवते. कॉम्प्युटर अपडेट झाला की तिच्याकडचा मांडव कोसळायचा, आणि रविवारी कुमारला फोन यायचा.

"अहो कुमार, बारावी परत रुसली."

"काय म्हणते?"

"तिसरी जुनी आहे म्हणते. नवी आणा, मगच बसते."

समजूत घालायला तास-दीड तास जायचा. मधल्या मध्ये तिच्या गुडघ्याचं दुखणं यायचं, ह्याच्या बिघडलेल्या आमटीची चौकशी व्हायची.

खरी गोम पुढे आहे. गेल्या दिवाळीतच कुमारने एक छोटी फाइल तयार केली होती. एकच आज्ञा द्यायची, सतराच्या सतरा आपोआप येऊन बसतात. पण पठ्ठ्याने ती कोणाला दिलीच नाही. लोक लिहायचे, "सर, काहीतरी सोपं करा." ह्याचं उत्तर ठरलेलं: "काम चालू आहे."

समोरच्या समीक्षावहिनींनी साबुदाणेवडे खिलवून हे सगळं काढून घेतलं.

"म्हणजे जगाने डोकं फोडून घेतलं तरी चालेल, तुमचा फोन चालू राहिला पाहिजे?"

कुमार वडा चघळत राहिला.

जूनमध्ये रुचिराचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. वीस शिक्षिकांना प्रोग्राम शिकवायला तिला बोलावलं होतं. दिवसभरात तो एकाही मशीनवर चढला नाही.

"सगळ्या माझ्याच तोंडाकडे बघत होत्या हो. उद्या परत जायचंय."

फोन ठेवल्यावर कुमारने कॉम्प्युटर उघडला. मग त्याने ती फाइल सगळ्यांसाठी खुली केली आणि तिला कळवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला: "वीसही मशीनवर दहा मिनिटांत झालं. आता तुम्हाला कधीच त्रास देणार नाही."

असे आभार वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत.

पाच रविवार कोरडे गेले. कुमार फोनची बॅटरी तपासायचा, रेंज तपासायचा. दोन्ही ठणठणीत.

"मग तुम्ही लावा की," समीक्षावहिनी म्हणाल्या.

"कारण काय सांगू?"

"सतरा होती. सगळी तुम्हीच घालवलीत."

सहाव्या रविवारी त्याने नंबर लावला.

"अहो, काय बिघडलं?" रुचिराने लगेच विचारलं.

"काही नाही."

"नवी आवृत्ती काढली?"

"नाही. सहज केला."



"थांबा हं," ती म्हणाली, "ठेवू नका. एवढं गिऱ्हाईक वाटेला लावते."

गिऱ्हाईक भलतंच बोलकं निघालं. अर्ज, अर्जाची प्रत, प्रतीतली चूक. कुमार फोन कानाला लावून सगळं ऐकत राहिला.