ओढ्यापलीकडची चौदा घरं

अळणावरच्या पुढं, जंगलाला लागून, एक लहान ग्रामपंचायत आहे. चार गावं, त्यांच्या कडेनं वाहणारा ओढा आणि ओढ्यापलीकडे चढावर गवळ्यांची चौदा घरं. तिथं मी काही वर्षं पीडीओ होतो, म्हणजे पंचायतीचा सरकारी अधिकारी. घर धारवाडात, मळमड्डीत. सकाळची बस धरून जायचो आणि संध्याकाळच्या बसवर डोळा ठेवूनच काम करायचो.

नळयोजना आली तेव्हा तालुक्यानं पत्र पाठवून पंचायतीकडून हद्दीचा नकाशा मागवला. प्रत्येक घर स्वतः जाऊन पाहावं, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. चारही गावं मी फिरलो. ओढ्याशी पोचलो तेव्हा पाणी गुडघाभर होतं आणि बसची वेळ होत आली होती. सोबतचा शिपाई म्हणाला, "सर, पलीकडं गवळ्यांची घरं आहेत. अर्धा तास चढावं लागतं."

"उद्या बघू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ऑफिसात बसूनच नकाशा पुरा केला. ओढ्यापलीकडं हिरवा रंग भरला, 'जंगल' असं लिहिलं आणि सही केली.

पाइप आले, चारही गावांत नळ बसले. पुढच्या ग्रामसभेत गवळ्यांच्या वस्तीतली एक बाई उठून पुढं आली. पन्नाशीची असेल. सभा कानडीत चालली होती, ती मराठीत बोलली. भिंतीवरच्या नकाशाकडे बघत तिनं विचारलं, "साहेब, यात आमची घरं कुठं हायत?"

मी हिरव्या रंगावर बोट ठेवलं.

"हितं तर नुसती झाडं हायत."

सभा हसली. मीही हसलो. "अक्का, नकाशा वरून आलाय," मी म्हणालो. "माझ्या हातात काय आहे?"

खाली कोपऱ्यात माझीच सही होती. तिला वाचता येत नव्हतं. शिपायाला येत होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

ती मागं वळून आपल्या माणसांना म्हणाली, "साहेबांस्नी कशाला बोलायचं? वरनंच तसं आलंय."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही. सोमवारी एकटाच ओढा ओलांडून वर गेलो, घरं मोजली, वाट मोजली. तिनं बसायला घोंगडं टाकलं, ताक दिलं. त्या ताकातलं पाणीसुद्धा ओढ्यावरून डोक्यावर आणलेलं. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पण ताक प्यायलो, छान झालंय म्हणालो आणि उठलो.

नवा नकाशा पाठवला. कारणाच्या रकान्यात 'नजरचुकीने' असं लिहिलं.

मंजुरीला दोन वर्षं लागली. तोवर माझी बदली हुबळीला झाली होती. वस्तीत नळ आला त्या दिवशी त्यांनी मला आवर्जून बोलावलं, हार घातला. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्यापातूर चालत आलेला ह्यो पयला साहेब." टाळ्या वाजल्या. मला मान वर करता येईना.

जेवणं झाल्यावर तिला गोठ्याशी गाठलं.

"अक्का, तो पहिला नकाशा वरून आला नव्हता. मीच काढला होता, इथं न येता."

"म्हंजे सभेत खोटं बोललासा?"

"होय."

"माझ्या सुनेनं पोटात पोर असताना डोक्यावर पाणी घिऊन ह्यो चढ चढलाय, साहेब."

आवाज चढवला नाही तिनं. एवढंच बोलली आणि उष्टी ताटं उचलायला गेली.

निघताना वस्तीतली माणसं ओढ्यापर्यंत पोचवायला आली, पोरंसोरंसुद्धा. सगळ्यांची तोंडं हसरी होती. तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. ती मात्र आली नाही.