भाव चढला तरी न विकलेला तांदूळ

बाळांनो, थोरलीने कॉलेजात कमोडिटी मार्केट हा विषय घेतल्याचं परवा फोनवर कळलं. "आजी, तू यातच होतीस ना? नक्की काय करायचीस?" असं तिने विचारलं आणि तेवढ्यात तिची बस आली. म्हणून उत्तर लिहून पाठवते आहे.

मी बाजारभावांचा अभ्यास करायचे. पुण्यात तांदूळ महागला की ती बातमी खेड्यात किती लवकर पोचते आणि शेतकरी माल बाहेर काढतो का, हा माझ्या पीएच.डी.चा प्रश्न. पुस्तकाप्रमाणे भाव चढला की विक्री वाढायला हवी. बाकीच्या गावांत ती वाढायची. मुळशीत, म्हणजे माझ्या माहेरी, आंबेमोहोर कितीही महागला तरी विक्री होती तेवढीच राहायची.

वडिलांना विचारलं, "एवढा भाव आहे, मग विकत का नाही?"

"इकतो की. तुझंच पोतं आधी इकायला काढतो. चालंल न्हवं?"

स्वयंपाकघरातून आईचं हसू ऐकू आलं.

आमच्याकडे भात भरडून आलं की आधी सासरी गेलेल्या लेकींची पोती बाजूला निघतात. उरेल ते बाजारात. माझं पोतंही दर वर्षी एसटीच्या टपावरून पुण्याला यायचं. त्यावर मी एक प्रकरण लिहिलं.

माझे मार्गदर्शक म्हणाले, "बाई, हे काढा. परीक्षक याला घरगुती गप्पा म्हणतील आणि पदवी अडकेल."

मी काढलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "भावाला दाद न देणारा तांदूळ? असा कुठे असतो?"

"सर, तुमच्या घरी तांदूळ कुठून येतो?"

मार्गदर्शकांनी डोळे मिटून घेतले.

"सासुरवाडीहून," परीक्षक म्हणाले.

"काय भावाने?"

ते मोठ्याने हसले. "हे बायकोला विचारायची माझी छाती नाही. चला, पुढचं प्रकरण घ्या."

पदवी मिळाली. निवृत्त होईपर्यंत मी हाच विषय शिकवला, आणि मजेत शिकवला.

आता मुळशीत बऱ्याच खाचरांच्या जागी रिसॉर्ट झाली आहेत. भात लावणारी घरं कमी उरली. पण जी उरली, तिथे लेकींची पोती अजूनही बाजारभाव विचारण्याआधी बाजूला निघतात.