आमच्या कबरस्तानातले पांढरे दगड

'वारसा' हा शब्द ऐकला की मला आता मळमळतं. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सगळी हयात गेली माझी. जळलेली माणसं पाहिली, अळ्या पडलेल्या जखमा चिमट्यानं साफ केल्या, हात धुतले आणि त्याच हातानं डबा खाल्ला. कधी नाकाला पदर लावला नाही. पण गेल्या वर्षी आमच्या जुन्या कंपाउंडच्या फाटकातून आत शिरले, ताज्या ऑइलपेंटचा भपकारा आला, समोर जे दिसलं ते पाहिलं आणि मला भिंतीला धरून उभं राहावं लागलं.

आमचं कंपाउंड म्हणजे मिशनचं कंपाउंड. पूर्वी ते शिरूरच्या बाहेर होतं. आता शिरूरच त्याच्या चारी बाजूंनी पसरलंय. अपार्टमेंट, कंपनीत जाणाऱ्या पोरांच्या भाड्याच्या खोल्या, मेस, पंक्चरची दुकानं. मधोमध दगडी चर्च, मुलींच्या बोर्डिंगची कौलारू इमारत, एक विहीर आणि सगळ्यात मागं कबरस्तान. तिथं गोऱ्या साहेब-मडमांच्या चार-दोन कबरी आहेत, संगमरवराच्या, इंग्रजी अक्षरं कोरलेल्या. बाकी सगळी आमची माणसं.

आमच्या माणसांच्या कबरींवर काही लिहिलेलं नसायचं. उशाशी एक काळा दगड, पायथ्याशी एक. दगड कोरून घ्यायची ऐपत नव्हती हे खरं, पण गरजही कुणाला वाटली नाही. कोण कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक असायचं. ईस्टरच्या आदल्या शनिवारी घरोघरची माणसं बादलीत चुना कालवून यायची, गवत काढायची, काथ्याच्या कुंच्यानं आपापले दगड रंगवायची. आम्ही पोरं मधून पळायचो, आणि कुणीतरी ओरडायचं, "आगं, तुझ्या आत्याच्या अंगावरून जाऊ नको." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या उपासनेला उजाडता उजाडता ते पांढरे दगड आधी दिसायचे, मग माणसांचे चेहरे.

माझी आई बोर्डिंगची स्वयंपाकीण. माहेर खुटबावचं, म्हणून भाकरीही तिकडची, मोठी आणि पातळ. वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ते दौंडला रेल्वेत पॉइंट्समन. दौंडला क्वार्टर मिळालं होतं. आई तिथं राहायला गेली आणि चार दिवसांत परत आली. शंटिंगच्या आवाजानं झोप लागत नाही म्हणाली. खरं म्हणजे बोर्डिंगच्या पोरींना उपाशी टाकून आल्यासारखं तिला वाटायचं. मग आप्पाच साप्ताहिक सुट्टीला एसटीनं यायचे आणि दुसऱ्या दिवशी जायचे. सगळा संसार असा, सुट्टीपुरता. आप्पा रिटायर होऊन पेटी-वळकटी घेऊन कायमचे घरी आले, आणि थोड्याच महिन्यांत आई गेली.

तिला कबरस्तानातल्या जुन्या चिंचेजवळ ठेवलं त्या दिवशी आप्पांनी शेजारची जागा हातानं दाखवली आणि चर्चच्या तेव्हाच्या पाळकांना म्हणाले, "ही माझी. हितं दुसऱ्या कुनाला ठिवू नका." कंपाउंडात एवढं बोलणं पुरेसं होतं. पुढं किती मयती झाल्या, पण ती जागा कुणी घेतली नाही.

आता आप्पा नव्वदीला टेकलेत. माझ्याकडेच असतात. त्यांना कशाचीच हौस राहिलेली नाही. खाण्याची नाही, कपड्यांची नाही, नातवाच्या लग्नाचीसुद्धा नाही. एवढी एक जागा मात्र त्यांना पाहिजे होती.

जुन्या वास्तू जतन करण्यासाठी समिती नेमली गेली तेव्हा मला बोलावणं आलं. "तुमच्या समाजाचं एक माणूस पाहिजे, महिला असली तर बरंच," असं तोंडावर सांगितलं मला. मी लगेच हो म्हणाले. वारशाच्या प्रेमानं नव्हे. जतन म्हणजे तिथं कुणी इमारत उठवणार नाही आणि आप्पांची जागा राहील, असं मला वाटलं.

समितीचे अध्यक्ष प्लॉटिंगवाले. कोरेगाव भीमापासून इकडं हायवेच्या कडेला जिथं जिथं रिकाम्या माळावर कमान आणि दोन नारळाची झाडं दिसतील, तिथं समजावं की यांचा हात आहे. वडिलोपार्जित जमीन त्यांनी सगळ्यात आधी विकली असं लोक सांगतात. त्यांच्या मेहुण्याचा भांडगावला पेव्हिंग ब्लॉकचा कारखाना आहे, आणि समितीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये, चर्च बघायच्याही आधी, ब्लॉक लाल घ्यायचे की पिवळे यावर चर्चा झाली. पुण्याहून एक आर्किटेक्ट यायचा. तो दर वाक्यात 'फील' म्हणायचा. कबरस्तानाला एक फील आहे, विहिरीला एक फील आहे. मी त्याला विचारलं, तुम्हाला ताप तर नाही ना? तो हसला. त्याला वाटलं मी कौतुक करतेय.

आम्ही पाहणीला गेलो ते ईस्टर नुकताच होऊन गेल्यावर. दगड पांढरेशुभ्र. अध्यक्ष फाटकातच थबकले.

"मॅडम, हे हद्दीचे दगड कुणी रोवले?"

मला आधी कळेचना. मग उजेड पडला. प्लॉट पाडताना कोपऱ्याकोपऱ्यावर दगड रोवतात आणि चुना फासतात. या माणसानं जन्मभर तेच केलेलं. त्याला वाटलं, आमच्या लोकांनी रातोरात कबरस्तानात प्लॉट पाडलेत.

"साहेब, या कबरी आहेत," मी म्हणाले. "हा उशाचा दगड, तो पायथ्याचा."

"नाव कुठाय?"

"नाव नाही. ज्याची त्याला माहिती."

"मॅडम, आम्हाला प्लॉटिंग शिकवू नका," ते म्हणाले, आणि सगळे हसले. आर्किटेक्टसुद्धा. मग अध्यक्षांनी मान वळवून गुटख्याची पिचकारी मारली. ती मला पहिलीत बाराखडी शिकवणाऱ्या बाईंच्या उशाशी पडली. पांढऱ्या चुन्यावर लाल ओघळ. मी तिथंच खाली बसले आणि पर्समधल्या रुमालानं तो पुसला. कुणी थांबलं नाही. पुढं जाऊन ते संगमरवराच्या कबरींचे फोटो काढत होते. तो रुमाल मी घरी आणला नाही, नाल्यात टाकला.

पुढच्या मीटिंगमध्ये ठरलं की कबरस्तानाचं 'स्मृती उद्यान' करायचं. गोऱ्या साहेबांच्या कबरींना रेलिंग, दिवे, बसायला बाक. यापुढं तिथं दफन बंद. आमच्या लोकांसाठी गावाबाहेर वेगळी जागा. मी उभी राहिले. म्हणाले, तुमचे दिवे लावा, पण आमचे दगड हलवू नका. आणि माझ्या वडिलांची जागा त्यांच्या बायकोशेजारी आहे, तेवढी एक ठेवा. म्हातारा माणूस आहे, अजून किती दिवस? हे शेवटचं वाक्य मला स्वतःच्या बापाविषयी बोलावं लागलं, तेही क्रीमची बिस्किटं खात बसलेल्या माणसांसमोर. अध्यक्ष म्हणाले, "नोंद घ्या." आमचे पाळक नवे, रविवारपुरते येणारे. चर्चचं गळकं छप्पर दुरुस्त करून देतो असं त्यांना सांगितलेलं होतं. ते खाली बघून चहात बिस्कीट बुडवत राहिले.

त्यानंतर आप्पांना न्यूमोनिया झाला. मी दवाखान्यात त्यांच्याजवळ होते, दुसरं काही सुचत नव्हतं. ते घरी आले, थोडं चालायला लागले, तेव्हा मी कंपाउंडात गेले. ऑइलपेंटच्या वासाचं सुरुवातीला लिहिलं, तो हाच दिवस.

साहेब-मडमांच्या संगमरवराला पांढरा पेंट मारून वर अक्षरं सोनेरी केली होती. चिंच तोडली होती, व्ह्यू येत नाही म्हणून. बाकी सगळीकडं या कडेपासून त्या कडेपर्यंत लाल-पिवळे ब्लॉक. दाबून, ठोकून, रोलर फिरवून सपाट. एका कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांचा सेल्फी पॉइंट. जखम न धुता वरून पट्टी बांधणारे कंपाउंडर मी पाहिलेत, पण त्यांनासुद्धा पट्टीखाली काय आहे ते माहीत असतं.

ब्लॉक बसवणारी पोरं परगावची. मी विचारलं तर एकजण म्हणाला, "पत्थर? वो दीवार के पीछे डाल दिया, मैडम. सेठ बोले, कचरा है."

भिंतीमागं गेले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, थर्माकोलच्या प्लेटा, जुन्या गिलाव्याचे पोपडे आणि त्यात आमचे दगड. एकावर एक. कुणाचा उशाचा, कुणाचा पायथ्याचा, काही कळायला मार्ग नव्हता. मी अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, किती सुंदर झालंय ते तरी बघा." मी शिव्या दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा, आणि चांगल्या सणसणीत दिल्या. पण फोन आधीच बंद झाला होता.

आप्पांपासून लपवणं मला जमलं नसतं. सरळ सांगितलं. त्यांनी विचारलं, "उद्घाटन कवा हाय?"

कंपाउंडातले सगळ्यात ज्येष्ठ म्हणून त्यांचा सत्कार ठेवला होता. पत्रिका घरी आली होती, मी ती फाडून टाकली होती. म्हणाले, "म्या जानार. चारचौघांत माइकवर मागतो. लोकांम्होरं मागितल्यावर न्हाई म्हनता येत न्हाई, बाय."

त्यांचा अजून यावर विश्वास होता. मी त्यांना इस्त्रीचा सदरा घातला आणि रिक्षानं घेऊन गेले.

मांडव होता, बँड होता. अध्यक्षांनी भाषण केलं. मान्यवर झाले, आभार झाले, आणि मग ते म्हणाले, "या पवित्र जागेत अतिक्रमणाच्या हद्दी आखलेल्या होत्या. ते सगळं अतिक्रमण आपल्या समितीनं हटवलं." टाळ्या. म्हणजे माझी आई अतिक्रमण. दोन्ही वेळा एवढ्या पोरींना जेवू घातलेली बाई अतिक्रमण, आणि हा भांडगावचा ब्लॉक वारसा.

आप्पांना शाल घातली. त्यांनी माइक धरला. आवाज स्वच्छ लागला. "माझी बायकू हितं हाय. जवा तिला ठिवली तवाच तिच्या शेजारची जागा म्या मागून घेतली व्हती. म्या दौंडला, ती हितं, आसा आमचा जनम गेला. आता तेवढी जागा मला द्या. शाल नगं."

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. अध्यक्षांनी आप्पांच्या खांद्यावर हात टाकला, दुसऱ्या हातानं अलगद माइक काढून घेतला आणि म्हणाले, "बघा, या मातीवर आप्पांचं किती प्रेम! एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या." आणि टाळ्या झाल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच. आमच्या कंपाउंडच्या बायकांनीही वाजवल्या. फोटोग्राफर म्हणाला, आजोबा, जरा हसा.

कार्यक्रम संपला आणि ब्लॉकवर पावभाजीच्या प्लेटा फिरू लागल्या. माणसं उभ्यानं खात होती. आप्पा त्यांच्यामधून फिरत होते. एका ठिकाणी थांबायचे, खाली बघायचे, मान हलवायचे, जरा पुढं जाऊन पुन्हा थांबायचे. चिंच नव्हती, दगड नव्हते, खूण म्हणून काही राहिलंच नव्हतं. एका बाईनं त्यांच्या हातात प्लेट दिली. त्यांनी ती धरली आणि तशीच माझ्याकडं आणून दिली.

"कुठं टाकल्यात ते दाव," म्हणाले.

मी त्यांना भिंतीमागं नेलं. ते ढिगाजवळ उभे राहिले, फार वेळ नाही. काठीनं एक दगड दाखवला. "ह्यो काढ."

मी चप्पल काढून ढिगावर चढले आणि तो दगड काढला. त्याच्यावर कुणीतरी भाजी सांडली होती. ती मी पदरानं पुसली. रिक्षात आप्पांनी मांडीवर समितीची शाल पसरली आणि दगड तिच्यावर ठेवून घेतला. मला बरं वाटलं. एवढ्यातून आईचा तरी सापडला असं वाटलं. हायवेला लागल्यावर मी विचारलं, "आप्पा, आईचा कशावरून ओळखला?"

"न्हाई वळखला," ते म्हणाले. "समदे सारखेच हायती. जो वर व्हता त्यो घेतला."

मग दगडावर हात ठेवून म्हणाले, "तिकडं नव्या जागेत मला ठिवशील तवा ह्योच उशाला लाव. कंपाउंडातल्याच कुना बाईचा असंल. ती तुझ्या आईला वळखत असंलच की."