गोदाबाईंचं जोडवं आणि माझे तेवीस प्रश्न

शेगाव स्टेशनावर सकाळी उतरले तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, खाकऱ्याचं पाकीट आणि फॉर्मांचा एक जाडजूड गठ्ठा होता. साड्या कमी पडल्या. खाकरा गाडीतच संपला. फॉर्म मात्र जवळजवळ सगळे परत आले.

मी पुण्यात नर्सिंग कॉलेजात शिकवते. माझा आवडता विषय ‘सांस्कृतिक सक्षमता’. म्हणजे माणसाच्या चालीरीती, श्रद्धा, घरातली माणसं समजून घेऊन मग त्याची शुश्रूषा करायची. त्याची मॉडेलं असतात, त्यात गोल असतात, गोलांना बाण असतात. फळ्यावर मी ती डोळे मिटून काढते. खऱ्या रुग्णावर शेवटची कधी वापरली, असं प्राचार्यबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं आणि मी चार दिवसांची रजा टाकून बुलढाणा जिल्हा गाठला.

का बुलढाणा? कारण माझी जुनी विद्यार्थिनी वानखडे तिकडे संग्रामपूर तालुक्यात गावोगाव फिरणारी सिस्टर आहे. शेगावच्या स्टँडवर ती मला घ्यायला आली. हातात दोन गरम कचोऱ्या.

“मॅडम, वळखलं का? याच विषयात तुम्ही मले नापास केलं होतं.”

आठवत होतं. कचोरी तोंडात असल्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

एसटीने वरवट बकालच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. शेजारच्या काकूंनी मी कोण, कुठली, नवरा काय करतो, मुलं किती आणि एवढी वाळलेली का, हे सगळं तीन थांब्यांत काढून घेतलं. त्यांच्याकडे फॉर्म नव्हता, हे त्या वेळी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सिस्टरच्या घरी पहिला चहा प्यायले आणि दचकले. चहा खारट! “खारपाणपट्टा हाय मॅडम (इथल्या जमिनीतलं पाणीच खारं असतं). दोन दिसांनं पुण्याचा चहा अळणी लागीन.” जेवायला कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि वांग्याचं भरीत होतं. भरितातल्या मिरचीने मला रडवलं. सिस्टरने पाण्याचा तांब्या पुढे केला तो जरा सावकाशच केला, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “चला, तुमच्या मॉडेलले एक काम देते.”

काम म्हणजे गोदाबाई. पासष्टीच्या आसपासच्या, साखरेचा आजार. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट सुजलेलं, त्यावर चांदीचं जोडवं रुतलेलं आणि जोडव्याखाली जखम. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जोडवं आता कापलं नाही तर पुढे बोट कापावं लागेल. हे ऐकून गोदाबाई तिथून उठून सरळ घरी आल्या होत्या. सिस्टर सोनाराकडून छोटी कातरी मागून आणून पिशवीत घेऊन फिरत होती. दोनदा तिला गोदाबाईंनी चहा पाजून परत पाठवलं होतं.

माझे डोळे चमकले. सवाष्ण बाई, जोडवं, सौभाग्य! अगदी पुस्तकातलं उदाहरण. घरातून निघण्यापूर्वीच मी उपाय काढून ठेवला होता. जोडव्याच्या जागी दुसऱ्या पायात हळदीचा दोरा बांधायचा. श्रद्धाही राहील, बोटही राहील. माझ्या फॉर्मवर सगळ्यात वर ठळक अक्षरांत छापलं आहे, ‘काहीही गृहीत धरू नये.’ ते मीच छापून घेतलं होतं.

गोदाबाई ओसरीवर बसल्या होत्या, पाय लुगड्याच्या काठाखाली झाकलेला. त्यांचे यजमान बाजेवर सुपारी कातरत होते. मी समोर बसून पहिला प्रश्न विचारला, “तुमच्या मते हा आजार तुम्हाला कशामुळे झाला?”

गोदाबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. “हे नर्सच हाय ना? मंग मले काऊन पुसून राह्यली? इले मालूम नाही का?”

सिस्टरने तोंडाला पदर लावला. मी नेटाने पुढे गेले. सातवा प्रश्न होता, घरातले निर्णय कोण घेतं. तो मी यजमानांना विचारला, कारण पुस्तकात तसंच असतं.

“मले काय पुसता बाई,” ते म्हणाले, “माह्या चहात साखर किती, हे बी थेच ठरवते.”

तेवीस प्रश्न झाले. मग मी हळुवार आवाज काढून सौभाग्याविषयी बोलले आणि पिशवीतून हळदीचा दोरा काढला. गोदाबाईंनी तो बोटांत धरून उन्हात पाहिला.

“हा तू बांध तुह्या पायाले. माह्या बुढ्याले काय होते जोडवं काढलं तं? थो घोड्यावानी हाय.” मग सिस्टरकडे वळून म्हणाल्या, “इतकं इचारलं इनं. दुखते का म्हून येक डाव बी नाही पुसलं.”

माझे कान तापले. खरंच तो प्रश्न फॉर्मवर नव्हता. इतकी वर्षं मी तो गठ्ठा मुलींच्या हातात देत होते आणि कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी पाणी पिण्याच्या निमित्ताने अंगणात गेले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला. “काऊन वो गोदाबाई! काढलं का जोडवं?”

“कायले काढीन!” ओसरीवरून तितकाच खणखणीत जबाब. “तुह्यं काढ आंधी!”

“माह्यं तं आजूक बोटात फिरते!”

सिस्टर माझ्यामागे येऊन उभी होती. तिने सांगितलं, पलीकडे चंद्रभागाबाई, धाकटी जाऊ. दोघींचं लग्न एका मांडवात झालेलं, जोडवी एका सोनाराची, सासूने एकाच दिवशी घातलेली. तेव्हापासून कोणाची भाकर पातळ, कोणाची म्हैस जास्त दुधाची, हे भिंतीवरून चालू. आता म्हातारपणी एवढंच उरलं होतं. जी आधी काढेल ती हरली.

“तुला हे माहीत होतं?”

“हाव. पण तुमचा फॉर्म भरणं चालू होतं. म्हटलं, मधात कायले बोलू.”

मी तिच्याकडे रागाने पाहायचा प्रयत्न केला. जमला नाही.

मी एकटीच शेजारच्या दारात गेले. कागद नेला नाही. चंद्रभागाबाई तूर पाखडत होत्या. मी म्हटलं, “तुम्ही त्यांचा पाय पाहिलाय का?”

“दाखवते थे? मी गेली का झाकून घेते.”

“एकदा चला.”

आढेवेढे घेत त्या आल्या. गोदाबाईंनी काठ ओढला, पण सिस्टर आधीच जखम धुवायला बसली होती आणि पाय तिच्या मांडीवर होता. चंद्रभागाबाईंनी ते बोट पाहिलं. जखमेच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या. मग त्या गोदाबाईंच्या शेजारी टेकल्या आणि स्वतःचा पाय पुढे केला.

“माह्यं काढून राह्यली मी. तू जिकली. आता काढू दे तिले.”

“आंधी नाही,” गोदाबाई म्हणाल्या. आवाज बसला होता. “सासूनं संगं घातले. संगंच काढू.”

यजमानांनी सुपारी बाजूला ठेवून ‘एक, दोन, तीन’ म्हटलं. सिस्टरची कातरी चालली, इकडे चंद्रभागाबाईंनी आपलं जोडवं ओढून काढलं. दोन्ही जोडवी एका वाटीत पडली. गोदाबाई ओरडल्या नाहीत. जावेचं मनगट मात्र त्यांनी इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली, आणि त्यावरून दोघींचं लगेच नवं भांडण सुरू झालं. दुपारच्या जीपने भांडत भांडतच दोघी दवाखान्यात गेल्या.

मी पुण्याला परतले. घरचा चहा खरोखरच अळणी लागला. प्राचार्यबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, कोणतं मॉडेल उपयोगी पडलं? मी खरं ते सांगितलं. उत्तर माझ्या नापास विद्यार्थिनीला ठाऊक होतं, आणि मी तेवीस प्रश्नांत ते विचारलं नाही. कोणीतरी हसलं. मीही हसले, पण आतून नाही.

काही आठवड्यांनी भर वर्गात सिस्टरचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन मुलींकडे वळवला. पडद्यावर आधी एक पाय दिसला. पाचही बोटं जागेवर, जखमेची जागा गुलाबी. मग तो पाय दूर झाला आणि दोन चेहरे गर्दी करून आत आले.

“पुन्याची बाई, पूस आता तुहे सवाल,” गोदाबाई म्हणाल्या.

माझ्या टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा होता. त्याच्याकडे न पाहता मी विचारलं, “गोदाबाई, दुखतं का?”



“तवा दुखे वो,” त्या म्हणाल्या. “लय दुखे.”