कोरड्या घराची तपासणी

माझी ताई घरं तपासते. घर विकत घेण्याआधी लोक तिला बोलावतात. बँकेने जप्त करून लिलावात काढलेलं घर असेल, तर हमखास. असली घरं 'आहेत तशी' विकतात, नंतर बँकेपुढे रडून उपयोग नसतो. वीज तोडलेली, पाणी बंद. बाकीचे तपासणारे कोरडे नळ पिरगाळतात आणि निघून येतात. ताई शेजाऱ्यांकडून पाणी आणते आणि बादली सरळ गिऱ्हाइकाच्या हातात देते. "ओता बाथरूममध्ये. मी सांगण्यापेक्षा स्वतःच बघा."

एके दिवशी दारात कोण उभं? तिचा जुना साहेब! मेल्याला लाज कशी ती नाही. बारा वर्षांपूर्वी ताई त्याच्या घरं विकायच्या ऑफिसात तपासणीला होती. एका घराची बाल्कनी धोक्याची आहे, असं तिने लिहून दिलं. याने ते पान काढून टाकलं आणि घर विकलं. बाल्कनी कोसळली, एका माणसाचा पाय मोडला, आणि चौकशीत हा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "बाईंनी बाल्कनी बघितलीच नव्हती." ताईची नोकरी गेली, नाव गेलं. पुढची दोन वर्षं ती लोकांच्या पँटींना चेन लावून देत होती. ती रडली नाही, मीच रडले.

"झालं गेलं विसरून जा," म्हणाला. लिलावातलं दुमजली घर त्याला घ्यायचं होतं, पण बायको अडून बसली होती. ताईने पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही म्हणे.

तो गेल्यावर मी म्हटलं, "ताई, आयता सापडलाय. सगळं छान आहे म्हणून लिही. बुडू दे मेल्याला!"

"खोटं त्याने लिहावं. मी नाही लिहिणार."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. तरी तिच्याबरोबर गेले, बादल्या कोण उचलणार?

भिंतींना ताजा रंग होता. वरच्या बाथरूममध्ये ताईने दोन बादल्या ओतल्या. पाणी जागचं हललं नाही. जाळी काढून टॉर्च मारला, तर आत सिमेंट! बाकीच्या जाळ्यांखालीही तेच. आधीच्या मालकांनी घर सोडताना रागाच्या भरात प्रत्येक पाइपात सिमेंट ओतलं होतं. वरखालच्या फरशा फोडल्याशिवाय सुटका नाही.

साहेब खाली गाडीत बसून फोनवर बोलत होता. "हाक मारू?" मी विचारलं.

ताई त्या तुंबलेल्या पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको."

आजवर असं तिने कधी केलं नव्हतं. रिपोर्टमध्ये अक्षर न् अक्षर खरं लिहिलं, फोटो मात्र एकही जोडला नाही.

साहेबाने रिपोर्ट आमच्या दारातच वाचला आणि खो खो हसला. "सगळ्या पाइपांत सिमेंट? बारा वर्षांचा राग काढलास होय? मला घाबरवून घर हातचं घालवायचंय तुला!" वाचल्याची सही ठोकली आणि आठवड्याभरात घर घेतलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"ताई, तुला हे माहीत होतं?"

"माझं खरं तो खरं धरणारच नाही, हे माहीत होतं," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "बादली हातात दिली असती, तर वाचला असता."

मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली.

राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी वरचं पाणी जिन्यावरून खाली आलं. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन तणतणत आला. ताईने सहीचा कागद पुढे धरला. तो त्याच्या बायकोनेच घेतला, उभ्या उभ्या वाचला आणि नवऱ्याकडे बघितलं. तिला त्याने रिपोर्ट दाखवलाच नव्हता, ताईने घर चांगलं म्हटलंय असं ठोकून दिलं होतं. ती एकटीच रिक्षा करून माहेरी गेली.

आता त्याला ते घर विकायचंय. पण येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी ताईला विचारतं. ताई हातातलं काम टाकून त्यांच्याबरोबर जाते. त्या एका घराची फी ती घेत नाही.