व्याज नाकारणारी माणसं

एक तक्रार मी आजही विसरलेलो नाही. २००५ च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत हर्नडन गावाजवळ काऊंटी, म्हणजे जिल्हा पोलिसांच्या फसवणूक शाखेत मी तपास अधिकारी होतो.

एका दुपारी एक बाई आल्या. सोलापूरच्या, मुसलमान, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. माझं आडनाव वाचून मराठीतच बोलू लागल्या.

"दादा, आम्ही बँकेचं लोन घेत नाही. व्याज देणं-घेणं आम्हाला हराम. म्हणून एका गृहस्थांच्या हलाल फंडात सेव्हिंग टाकलं. त्यातून भागीदारीत घर घेतलंय, असं ते म्हणाले. भाड्यातला वाटाही देतात. काल मी सहज ते घर बघायला गेले, तर तिथले लोक म्हणाले, घर आमचंच आहे, वीस वर्षांपासून."

मी तक्रार नोंदवली. चौकशी केली तेव्हा आणखी काही कुटुंबांना तेच घर दाखवल्याचं कळलं.

त्या गृहस्थांना बोलावून वकील मागण्याचे वगैरे कायदेशीर हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाले. ज्या गोष्टीचा अभिमान असतो तिच्याबद्दल माणूस मोकळेपणानं बोलतो, हा माझा अनुभव. म्हणून मी विचारलं, "हलाल म्हणजे नेमकं काय, मला समजावून सांगा."

त्यांनी छान समजावलं. पैसा नुसता पडून वाढता कामा नये. तो घरात, धंद्यात उतरला पाहिजे. नफा दोघांचा, तोटाही दोघांचा.

"मग घर रिकामं राहिलं, दुरुस्ती निघाली, तर वाटा कमी होणार?"

"अर्थात."

"या लोकांना दर महिन्याला एकसारखीच रक्कम कशी मिळाली?"

 ते हळूच म्हणाले, "बँकेतून. पैसे डिपॉझिटमध्ये ठेवले होते."

ती रक्कम ते स्वतःसाठी उचलण्याआधीच आम्ही खातं गोठवलं. बाईंना फोन करून मुद्दल सुरक्षित असल्याचं आणि वाटा बँकेच्या व्याजातून येत असल्याचं सांगितलं. त्या रडू लागल्या. "पैशाचं नाही हो दादा. इतके महिने मुलांना मी व्याज खाऊ घातलं."

कोर्टानं मुद्दल आणि त्यावर साठलेलं व्याज सगळ्यांना वाटून देण्याचा आदेश दिला. कोर्टाबाहेर ही सगळी कुटुंबं एकत्र उभी होती. कोणी टॅक्सी चालवणारं, कोणी डॉक्टर. सगळेच भाड्याच्या घरात राहणारे. बाई पुढे आल्या.

"आमचं मुद्दल तेवढं घेतो. वरचं हॉस्पिटलला देणार आहोत. आधी वाटा म्हणून मिळालं तेही."

"कायद्यानं तुमचं आहे, ताई. दान केलंत तर टॅक्समध्ये सूट तरी घ्या."

"दान कसलं? आपलं असेल ते दान करतात. नाव न लिहिता देऊ."

मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणी हरकत घेतली नाही.

फसवणूक शाखेत मी आयुष्यभर पैशासाठी वाकणारी माणसं पाहिली. त्यामुळे प्रत्येक माणसाला विकत घेता येईल अशी एक किंमत असतेच, असं मी धरून चाललो होतो. त्या दिवशी ही माणसं कायद्यानं दिलेला पैसा सोडून पार्किंगकडे निघाली आणि मी कठड्याला हात टेकून बघत उभा राहिलो. त्यानंतर चौकशीच्या खोलीत कुणाहीसमोर बसताना, हा माणूस विकला जाणारा आहे, असं आधीच ठरवायचं मी सोडून दिलं.