एकेचाळीस कोऱ्या सह्या

सहदेव घाडी दारात दिसला की माझी बायको चहाच्या आधी पेन शोधायची. कांदिवलीत तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. गावही आमचं एकच, कुसरवाडी. औषध कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झाल्यापासून त्याला एकच वेड होतं, गावात सरकारी नळपाणी योजना आणायची. दुसऱ्या कुठल्या विषयावर तो पाच मिनिटं बोलला असेल तर शपथ.

वेडाला कारण होतं. त्याची थोरली बहीण माणिक सत्तरीची झाली, तरी डोंगरातल्या झऱ्यावरून कळशी आणायची. झऱ्याखाली टाकी बांधली की पाणी तिच्या दारात येणार होतं. पण ती जागा पडली सामाईक. सातबाऱ्यावर ढीगभर नावं, आणि एक माणिक सोडली तर सगळे मुंबईत, कुणी मुलुंडला, कुणी बोरिवलीला, कुणी गोवंडीला. सगळ्यांची लेखी संमती आल्याशिवाय कामाला मंजुरी नाही.

सहदेवने दोन वर्षं सगळ्यांचे उंबरठे झिजवले. फाईल गेली आणि परत आली, कारण संमतीपत्राचा नमुना बदलला होता. तोवर दोन म्हातारे वारले आणि वारस धरून नावं एकेचाळीस झाली. तेव्हा त्याने शक्कल काढली. प्रत्येकाकडून एक भरलेला कागद घ्यायचा आणि एक कोरा, तळाशी सही केलेला, सोबत आधारची झेरॉक्स. नमुना पुन्हा बदलला तर पुन्हा वणवण नको.

"कोऱ्यावर कशाला रे?" मी विचारलं.

"उद्या तू मेलंस तर सही खंय शोधू? कर गप."

केली. बँकेचा फॉर्म तीन-तीनदा वाचणारी आम्ही माणसं, पण गावच्या कामाला सही मागितल्यावर वाचत बसणं बरं दिसत नाही. याचा मला आजही संताप येतो, आणि तो सहदेवपेक्षा माझाच जास्त.

घाटकोपरच्या एका शाळेत आमच्या ग्रामस्थ मंडळाची सभा भरते. तिथे फाईल टेबलावर ठेवून सहदेवने नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. ग्रामदेवतेच्या कानावर घातल्याशिवाय आमच्यात काही सुरू होत नाही.

"जो कोण ह्या कागदांशी खेळतलो, तेका सोडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. फोन स्पीकरवर होता. गावातून माणिकनेही "व्हय म्हाराजा" म्हटलं, सगळ्यांच्या मागून.

पुढच्याच महिन्यात केतन आला. शेजारच्या वाडीतला, वांद्र्याला ऑफिस असलेला. "काका, आता सगळं ऑनलाइन असतं. या वयात तालुक्याला कसल्या फेऱ्या मारता? फाईल माझ्याकडे द्या." सहदेवचे गुडघे गेले होते, त्याला देवच भेटला. मी समोरच बसलो होतो. केतनने टाकीबद्दल एक शब्द विचारला नाही. कोरे कागद मात्र त्याने दोनदा मोजले. मला ते खटकलं, पण मी बोललो नाही.

चार महिन्यांनी माणिकचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "सहदेवा, डोंगरार जेसीबी इलो हा! टाकीचा काम सुरू झाला ना रे?"

सहदेवने पेढे वाटले. मीही खाल्ला. दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन. टाकीला एवढा मोठा खड्डा लागतो का, आणि सुरुंग कशाला लावतात, असं ती विचारत होती. यावेळी तिचा आवाज बारीक झाला होता.

आम्ही तालुक्याला गेलो. डोंगर खडीच्या खाणीसाठी दिला होता, एकेचाळीस जणांच्या संमतीने. कारकुनाने कागद पुढे सरकवले. वर मजकूर नवा, खाली सह्या आमच्याच. "सही तुमचीच ना?" त्याने विचारलं. नाही कसं म्हणणार? पहिल्या कागदावर माणिकचा अंगठा होता. केतनचं नाव कुठेच नव्हतं, आणि त्याचा फोन बंद.

झरा आधी गढूळ झाला, मग आटला. माणिक आता दीड मैलावरच्या नदीवर जाते. कागद कुणी दिले, हे सहदेवने तिला स्वतःच सांगितलं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

परवा खाणीविरुद्ध अर्ज करायला सभा भरली. गावातल्या कुणीतरी फोन लावून माणिकसमोर ठेवला होता. गाऱ्हाणं घालायला सहदेव उठला. नारळ त्याने दोन्ही हातांत धरला.

"ज्या सहदेवान ह्ये कागद दुसऱ्याच्या हातात दिल्यान," तो म्हणाला, "तेका सोडू नको रे म्हाराजा."

मी मान खाली घातली. त्याच्या नावाबरोबर माझंही घ्यायला हवं होतं.

मग फोनमधून माणिकचा आवाज आला, शांत आणि स्पष्ट.

"व्हय म्हाराजा."